दहावीतल्या मुलीसाठी बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा उन्हाळी प्रोग्रॅम: काय बघून निवडायचा?

केतकीची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक यंदा दहावीत आहे, जूनमध्ये सोळा पूर्ण होतील.

गेल्या वर्षी माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. समोर बसून एकेकट्याशी छान गप्पा मारतात, पण घरात चार माणसं जमली आणि दोघं-तिघं एकदम बोलायला लागली की यंत्र काढून खिशात ठेवतात. केतकीला ते फार लागलं. "आवाज तर मोठा होतोय ना, मग आजोबांना कळत का नाही?" हा तिचा प्रश्न. त्यांचं जुनं, बंद पडलेलं यंत्र तिने मागून घेतलं, उघडलं, आत दोन मायक्रोफोन सापडले. एका कानाला दोन कशाला, हा पुढचा प्रश्न. शोधता शोधता बायोमेडिकल इंजिनिअरिंग असं काही असतं हे तिला कळलं आणि आता उन्हाळ्यात त्यातलंच काहीतरी करायचं म्हणतेय.

एवढ्यात घरी एका संस्थेचं पत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, "आपल्या मुलीची निवड झाली आहे". आम्ही अर्ज केलेलाच नव्हता. नामांकित विद्यापीठाच्या आवारात नऊ-दहा दिवस, फी काही हजार डॉलर. नवरा म्हणतो, विद्यापीठाचं नाव लागतंय, पाठवू या. माझं मन होत नाही.

कोणी मुलांना अशा प्रोग्रॅमला पाठवलंय का? खरं काम कुठे करायला मिळतं? आणि आम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहोत, मुलगी आमच्यामुळे मिळणाऱ्या एच-फोरवर, त्याने काही अडतं का? अर्ज भरायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

सुमेधा

केतकीची आई, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून इतका आनंद झाला की रात्रीची झोप बाजूला ठेवून लिहायला बसलेय. मी वैद्यकीय उपकरणांच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करते आणि उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना मार्गदर्शन करते.

आधी त्या पत्राचं. पाठवू नका. अर्ज न करता आलेली निवड ही जाहिरात असते. विद्यापीठाचं आवार उन्हाळ्यात भाड्याने मिळतं. तिथले प्राध्यापक आणि तिथली प्रयोगशाळा त्या भाड्यात येत नाहीत. पुढे कॉलेजच्या प्रवेशात अशा ओळीने काही फरक पडतो असं मला अजिबात वाटत नाही. तेवढ्या पैशांत तिला एक चांगला ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन दिलात तरी पुष्कळ उरतील.

आता खरे प्रोग्रॅम. हे ढोबळमानाने दोन जातींचे असतात आणि दोन्ही चांगले असू शकतात. एका जातीत तुम्ही फी भरता आणि शिकवणी मिळते, प्रकल्प असतो, कधी कॉलेजचं क्रेडिटही मिळतं. जॉन्स हॉपकिन्सचा बायोमेडिकल इंजिनिअरिंग इनोव्हेशन हा असा, पेन विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग समर अकॅडमीतला बायोटेक्नॉलॉजीचा कोर्स असा. दुसऱ्या जातीत मूल एखाद्या चालू असलेल्या संशोधनगटात बसतं. बॉस्टन विद्यापीठाचा राइज सहा आठवड्यांचा आहे. स्टॅनफर्डचा एसआयएमआर आठ आठवड्यांचा, त्यात बायोइंजिनिअरिंगचा गट आहे. स्टोनी ब्रुकचा गार्सिया, तो पॉलिमर आणि मटेरियल्सचा. आणि एमआयटीत भरणारा आरएसआय, 1984पासून चालू, राहणं-शिकणं फुकट, पण जागा शंभरच्या आतबाहेर आणि अर्ज जगभरातून.

पण दहावीनंतरच्या उन्हाळ्यात यातले बरेच दरवाजे अजून उघडलेले नसतात. आरएसआय, राइज हे अकरावी संपवणाऱ्यांसाठी आहेत. एसआयएमआरला अर्ज करताना मूल अकरावी-बारावीत असावं लागतं आणि वय सोळा. प्रयोगशाळेत सोळाची अट बऱ्याच ठिकाणी असते, कारण रसायनं आणि सुरक्षेचे नियम. तेव्हा पहिल्यांदा तारीख आणि इयत्ता तपासा, नावं नंतर. अर्जांचा हंगाम डिसेंबर ते मार्च, शिफारसपत्रं शिक्षकांकडे नाताळच्या सुट्टीआधी मागितलेली बरी.

तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून एक खास: पुढच्या वर्षी, म्हणजे केतकी अकरावीत असताना, रटगर्समधल्या गव्हर्नर्स स्कूल ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीसाठी तिच्या कौन्सेलरशी शरद ऋतूतच बोला. राज्यातल्या मुलांसाठी आहे, शिकवणीची फी नाही, आणि नाव शाळेकडून जावं लागतं. त्यामुळे ज्यांच्या घरी कुणी सांगत नाही त्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. विज्ञानाकडे ओढा असेल तर ड्रू विद्यापीठातलं गव्हर्नर्स स्कूल इन द सायन्सेस आहे.

एच-फोरबद्दल स्पष्ट सांगते, कारण आपल्या घरांमध्ये हे मार्चमध्ये कळतं आणि मूल रडतं. एच-फोरवर शिकायला बंदी नाही, पगारी कामाला आहे. म्हणून फी भरून करायचे कोर्स सहसा अडत नाहीत. जिथे विद्यार्थ्याला स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन, मिळतो तिथे मात्र अडतं. एसआयएमआरला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. अटींचं पान आधी वाचा, निबंध नंतर लिहायला घ्या. एखादे प्राध्यापक "बिनपगारी येऊ दे" म्हणाले तरी त्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. ज्या कामाला एरवी पगार असतो ते फुकट केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं.

हे झालं कागदाचं. मला खरं म्हणायचंय ते वेगळंच. प्रोग्रॅम विद्यापीठाच्या नावावरून निवडू नका, केतकीच्या प्रश्नावरून निवडा. बायोमेडिकल इंजिनिअरिंग हे एका विषयाचं नाव नाही. कृत्रिम गुडघ्याचं यांत्रिकीशास्त्र त्यात येतं, जखमेवर लावायचं जेल येतं, एमआरआयची प्रतिमा येते, पेशी वाढवायचं मचाण येतं, हृदयाचे सिग्नल येतात. तुमच्या मुलीचा प्रश्न ध्वनी आणि सिग्नलचा आहे. तिला तुम्ही पॉलिमरच्या गटात पाठवलंत तर गट उत्तम असूनही ती तिथे पाहुणीच राहील. याउलट "इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग" किंवा "ध्वनी आणि संगणक" असं नाव असलेला एखादा साधा कोर्स तिला तिच्या आजोबांच्या जवळ नेईल. बायोमेडिकल हा शब्द शीर्षकात नाही म्हणून तो सोडू नका.

प्रोग्रॅमवाल्यांना फोन करून विचारा: मागच्या उन्हाळ्यात मुलांनी काय केलं ते बघायला मिळेल का? चांगले गट दरवर्षीचे गोषवारे किंवा पोस्टर जाहीर ठेवतात. ते केतकीलाच वाचायला द्या. सगळ्या पोस्टरवर एकच प्रकल्प, फक्त नावं वेगळी, असं दिसलं तर तो शिकवणीवर्ग आहे. मग शिकवणीवर्गाइतकेच पैसे द्या. एका मार्गदर्शकामागे किती मुलं, आणि तो मार्गदर्शक रोज असतो की उद्घाटनाला येतो, हेही विचारा. तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मुलं काय करत असतात, हा माझा आवडता प्रश्न. ज्याने प्रोग्रॅम खरोखर चालवलाय तो लगेच सांगतो.

प्रसन्न_बे_एरिया

सुमेधा यांनी सगळं सांगितलंच आहे. कॅलिफोर्नियातले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: कॉसमॉस विसरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या आवारांमध्ये चार आठवडे राहून करायचं, राज्यातल्या मुलांसाठी, आठवी ते बारावी. प्रत्येक आवाराचे विषयांचे गट वेगळे असतात आणि अर्ज करताना आवार निवडावं लागतं, तेव्हा आधी गटांची यादी वाचा. घराजवळचं म्हणून आवार निवडू नका. फी आहे, पण गरजेनुसार मदत मिळते आणि ती मागायला लाजू नये.

ओजस

काकू, मी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अकरावीनंतर एक उन्हाळी प्रोग्रॅम केला होता. चांगला प्रोग्रॅम कसा असतो ते सांगतो, कारण माझा होता.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, बनवायला लावला. बोटाच्या एका बाजूला दोन एलईडी, एक लाल 660 नॅनोमीटरचा, दुसरा इन्फ्रारेड 940चा, आणि पलीकडे प्रकाश मोजणारा एक फोटोडायोड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त, न घेतलेलं उलट. नाडीबरोबर प्रकाश जेवढा हलतो तेवढाच भाग वेगळा काढायचा, म्हणजे कातडी, हाड, स्थिर रक्त हे सगळं हिशोबातून जातं. ही युक्ती 1970च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधली. तो हलणारा भाग एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्केच असतो, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्हाला फक्त खोलीतल्या दिव्यांचा गोंगाट दिसत होता.

यंत्र चालायला लागलं आणि आम्ही खूश झालो, तेव्हा मार्गदर्शक बाईंनी 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेलं एक छोटं पत्र वाचायला दिलं. ऑक्सिमीटर 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन धोकादायक कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं होतं. हिशोबात गाळलेली कातडी पूर्ण गाळली गेलीच नव्हती. बाई म्हणाल्या, तुमचं यंत्र किती जणांच्या बोटांवर तपासलंत, आणि ती बोटं कोणाची होती? उरलेला सगळा उन्हाळा त्या एका प्रश्नावर गेला. मी हे क्षेत्र निवडलं ते तिथे.

गणिताचं एक सांगतो. कॉलेजात पहिल्या दोन वर्षांत जीवशास्त्र कमी आणि सर्किट, मेकॅनिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स जास्त असतात. केतकीला गणित आवडत असेल तर ती इथे रमेल. आवडत नसेल तर आधी त्याबद्दल बोला.

केतकीची_आई

सुमेधाताई, ओजस, प्रसन्न, मनापासून आभार. केतकीला सगळं वाचून दाखवलं. पत्र रद्दीत गेलं, नवऱ्यानेच टाकलं. गणिताला ती घाबरत नाही, ओजस, तिच्या बाबांना घाबरवते.

या उन्हाळ्यात तिच्या वयाला आणि व्हिसाला बसणारं फार थोडं दिसतंय. पेनचा आणि हॉपकिन्सचा बघतोय, पण फी परवडेल असं नाही. काहीच जमलं नाही तर उन्हाळा वाया जाईल म्हणून ती हिरमुसलीय. घरी काही करता येईल का? इंटरनेटवर घरच्या घरी ईसीजी बनवायचे व्हिडिओ तिने पाहिलेत.

सुमेधा

केतकीला सांगा, उन्हाळा वाया जाणार नाही. तिचा प्रश्न घरी बसून सोडवायला घेता येतो, आणि त्याला अंगाला एकही तार लावावी लागत नाही.

ईसीजी आधी संपवते. शरीराला इलेक्ट्रोड लावायचे असतील तर सर्किट फक्त बॅटरीवर, आणि लॅपटॉपही चार्जरमधून काढलेला. भिंतीतल्या विजेशी जोडलेलं काहीही त्या साखळीत नको, यात तडजोड नाही. हृदयाच्या सिग्नलवर काम करायचं असेल तर मोजायची गरजही नाही: फिजिओनेट या संकेतस्थळावर हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या नोंदींचा एमआयटी-बीआयएच अॅरिथमिया डेटाबेस फुकट आहे. 48 नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला 360 नमुने (म्हणजे सिग्नल तितक्या वेळा मोजलेला), प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली. जगभरातले संशोधक 1980पासून तोच वापरत आलेत.

पण तिचा प्रश्न कानाचा आहे, तर कानाचंच करू या. आजोबांना ऐकू येतं पण कळत नाही, याचं कारण बरंचसं आतल्या कानात आहे. तिथे बाहेरच्या केशपेशी सुमारे 12,000 असतात. त्या बारीक आवाज वाढवतात आणि जवळजवळच्या स्वरांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात. वयाने किंवा गोंगाटाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. यंत्र आवाज मोठा करून देतं, ते वेगळं करणं मात्र परत देऊ शकत नाही. मग चार जणांचं बोलणं आजोबांपर्यंत एकाच मोठ्या लोंढ्यासारखं येतं. यंत्र खिशात ठेवणं हा त्यांचा हट्ट नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना समजलं तरी खूप झालं.

म्हणून यंत्रात दोन मायक्रोफोन. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर, समोरच्या दिशेला एकामागे एक ठेवले, तर समोरून येणारा आवाज दुसऱ्यापर्यंत साधारण 290 मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. संगणकावर सेकंदाला 48,000 नमुने घेत असाल तर हा उशीर म्हणजे 14 नमुने. पहिल्या मायक्रोफोनची नोंद 14 नमुन्यांनी मागे सरकवायची आणि दुसरीत मिळवायची. समोरचा आवाज स्वतःशी जुळून मोठा होतो, बाजूचा जुळत नाही. श्रवणयंत्रात मायक्रोफोनमध्ये सेंटिमीटरभर अंतर असतं, तिथे हाच उशीर 30 मायक्रोसेकंदांच्या आत येतो, आणि गंमत तिथे सुरू होते.

तिला लागेल काय तर एकाच साउंड कार्डला जोडलेले दोन साधे मायक्रोफोन आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. दोन वेगवेगळे फोन चालणार नाहीत, कारण त्यांची घड्याळं जुळत नाहीत. एका स्पीकरवर समोरून बातम्या लावा, दुसऱ्यावर बाजूने दुसऱ्या बातम्या. आधीची आणि नंतरची नोंद ऐका. मग आकड्यात मोजा: समोरचा आवाज किती डेसिबलने वर आला? जाड स्वरांना फरक जवळजवळ पडत नाही, असं तिला दिसेल. का पडत नाही, हे तिने स्वतः कागदावर काढावं. तरंगलांबी आणि मायक्रोफोनमधलं अंतर यांचा हिशोब आहे, दहावीच्या भौतिकशास्त्रात बसतो.

एक काळजी घ्या. हा प्रकल्प पुढे सायन्स फेअरला न्यायचा असेल आणि आजोबांना किंवा मैत्रिणींना ऐकवून "कोणतं जास्त कळलं" असं विचारायचं असेल, तर तो माणसांवरचा प्रयोग धरला जातो. आयसेफ या हायस्कूलच्या आंतरराष्ट्रीय सायन्स फेअरच्या नियमांप्रमाणे शाळेच्या समितीची मंजुरी सुरुवात करण्याआधी लागते. नंतर घेतलेली चालत नाही. यंत्र तिने बनवलं आणि फक्त स्वतःवरच तपासलं तर ती अट नाही. मी म्हणेन मंजुरी घ्याच, विज्ञानाच्या शिक्षकांना मे महिन्यातच गाठा. परवानगी कशी मागायची, समोरच्याला काय सांगायचं, हेही या क्षेत्राचं शिक्षण आहे आणि ते बऱ्याच महागड्या प्रोग्रॅममध्ये शिकवत नाहीत.

ऑगस्टमध्ये तिच्या हातात आलेख आणि दोन ध्वनिफिती असतील. तेव्हा जवळच्या विद्यापीठात ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) किंवा इलेक्ट्रिकल विभागात ध्वनीवर काम करणाऱ्या दोन-तीन प्राध्यापकांना तिने स्वतः ईमेल लिहावं. तुम्ही नाही, तिने. मोजून दहा ओळी: मी कोण, आजोबांचा प्रश्न काय, मी काय मोजलं, कुठे अडले, तुमच्या अमुक पेपरमधली अमुक आकृती मला समजली नाही. "मला तुमच्या लॅबमध्ये संधी द्या" हे वाक्य पहिल्या पत्रात नको. अशी पत्रं मलाही येतात. ज्यात एखादा खरा आलेख असतो त्याला मी त्याच दिवशी उत्तर देते.

पुढच्या डिसेंबरात गव्हर्नर्स स्कूलचा किंवा राइजचा अर्ज उघडेल तेव्हा निबंधात काय लिहू, असं तिला विचारावं लागणार नाही.

आणि तुमचे वडील परत येतील तेव्हा जेवायला बसताना त्यांची पाठ भिंतीकडे आणि तोंड सगळ्यांकडे असेल अशी जागा द्या, टीव्ही बंद ठेवा. मायक्रोफोन समोरचं चांगलं उचलतात. भिंत पाठीशी असली की मागून येणारा गोंगाट कमी होतो. हे आजपासून करता येईल, त्याला कुठलाही अर्ज लागत नाही.

केतकीची_आई

केतकी शेजारी बसून वाचतेय. ती विचारतेय, मायक्रोफोन 10ऐवजी 5 सेंटिमीटरवर ठेवले तर 7 नमुने, बरोबर ना? आणि आवाज तिरका, 45 अंशांतून आला तर?

सुमेधा

7 बरोबर. 45 अंशांचं उत्तर मी देणार नाही. तिला म्हणावं, अंतराला कोसाइनने गुण आणि उत्तर पूर्ण नमुन्यात येत नाही तेव्हा काय करायचं ते मला इथेच लिही. मी वाट बघतेय.